न मारलेल्या सात फेऱ्या

...आणि वर त्या पोरीलाच माफीपत्र लिहायला लावलं! कुणाची माफी? माझी! म्हणजे मी इथं धडधाकट बसलोय, गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही की बाबा रे, तुझा अपमान झालाय का? परस्पर माझा अपमान झाला, परस्पर मला वाईट वाटलं, आणि परस्पर माझी माफी मागायचंही ठरलं! वा रे वा! मी आपला घरी शेंगा सोलत बसलेलो... नाही, नाही, मध्ये बोलू नका. हात जोडतो. तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलायला सावकाश. एक वाक्य झालं की जरा थांबतो, मग दुसरं. ऐन उमेदीत दोराची होडी ओढली, नदीवर आडवा बांधलेला दोर धरून, एक हात पुढं, एक हात मागं, तीच चाल जिभेला लागली ती लागली. पण आज नाही थांबायचा मी. आयुष्यभराचा अनुभव आहे, मी थांबलो की घोटाळा होतो.

तर काय झालं, आमच्या वाचनालयानं विद्यार्थ्यांसाठी लेखनस्पर्धा काढली. विषय, आपल्या भागाचा इतिहास. दारावर पत्रक, पत्रकावर पुलाचं चित्र, चित्राखाली, 'जुन्या माणसांना विचारा, जुनी कागदपत्रं पाहा, आपल्या शब्दांत लिहा.' विचारा म्हणे! आमची नात, म्हणजे मुलीची मुलगी, तेरा वर्षांची. घरात तिला मिरी म्हणतात, कारण दिसते एवढीशी आणि झोंबते ब्रह्मांड आठवेल अशी. ती पत्रक घेऊन माझ्यापुढं येऊन बसली.

"आबा, तुम्ही इतिहास आहात."

"मी? मी तर पाण्याच्या पंपावर होतो."

"त्याच्या आधी हो! होडीवर. पुलाच्या पाटीवर आहे ना तुमचं."

आता ती पाटी तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ ती पाटी. पुलाच्या पहिल्या खांबावर पितळी पाटी आहे, ही एवढी, 'पूल होण्यापूर्वी येथील नावाड्याने महापुरात सात फेऱ्या करून त्रेसष्ट जणांचे प्राण वाचवले.' तो नावाडी मी. वाचवले म्हणे! आता तुम्हीच मला सांगा, माझ्या होडीत माणसं बसायची सहा. सातवा चढला तर होडी डुगडुगायची. सात फेऱ्या, सहा सहा माणसं, किती झाले? बेचाळीस! मग उरलेले एकवीस काय पाण्यावरून चालत गेले? बरं, वाचवले ते कशापासून? सगळे अलीकडच्या उंच काठावर कोरडे ठणठणीत उभे होते हो! भिजला होता तो मी एकटा. आणि मुख्य म्हणजे... नाही, थांबत नाही, सांगून टाकतो... मी एकसुद्धा फेरी मारली नव्हती! एकसुद्धा नाही! होडी सोडलीच नाही मी त्या दिवशी!

हां, आता कसे गप्प झालात.

आमच्या काठावर एक दगडी खांब होता. त्यावर माझ्या वडिलांनी तांबडी रेघ ओढलेली. पाणी रेघेला लागलं की होडी सोडायची नाही, हा नियम. वडील म्हणायचे, "रेघ बघ. माणसाचं तोंड बघू नकोस. तोंड बघितलंस की सोडशील." त्या दिवशी सकाळी रेघ पाण्याखाली चार बोटं. आणि वार सोमवार, सगळ्यांना पलीकडे कामावर जायचं. त्रेसष्ट माणसं होती हे मात्र खरं, मीच मोजली होती. नुसतं रेघेकडे बघून तरी किती वेळ बघणार! आणि काय काय बोलले मला! "ए, पगार कशाचा खातोस?" "अरे, जरा पाणी चढलं की हातपाय गळतात याचे!" एक तर पोरगेला मास्तर होता, नवी नोकरी, हातात पत्र्याची ट्रंक, पहिल्याच दिवशी हजर व्हायचं होतं. त्यानं तर मला भेकड म्हटलं, बायकी म्हटलं, अजून काय काय म्हटलं ते इथं बायामाणसं बसलीत, नाही सांगत. मी दोर धरून बसलो. मान खाली. तोंडं बघायची नाहीत ना!

दुपारी वरून एक झाडाचं खोड आलं, असलं जाड, आणि दोरावर बसलं. तट्दिशी दोर तुटला. होडी गेली. रिकामी. वळणावर पालथी पडली, घरात वाटी पालथी पडते ना, तशी, आणि दिसेनाशी झाली. मग त्रेसष्टच्या त्रेसष्ट गप्प. कुणी म्हणालं नाही की बाबा, चुकलं आमचं. कुणी म्हणालं नाही की बरं झालं नाही सोडलीस. एकेक जण चपला झाडत घरी गेला. माझी होडी गेली, पुढं पूल झाला, मला पंपावर घेतलं. संपला इतिहास.

हे मी मिरीला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. का तिला? कारण ती थांबते हो! मी गप्प झालो की तीही गप्प होते, पेन्सिल चावत माझ्याकडे बघत बसते. तीन दिवस लागले मला एवढं सांगायला. आता तुमच्यासमोर दोन मिनिटांत सांगितलं, पण ते रागामुळं. तिनं सगळं लिहून घेतलं. वहीची नऊ पानं. नाव दिलं, 'आजोबांनी होडी सोडली नाही.' मला वाचून दाखवलं तेव्हा तुम्हाला सांगतो, मला नीट दिसेना. म्हातारी आतून ओरडली, "अहो, चष्मा पुसा!" चष्मा कसला पुसतेस...

आणि निकाल काय लागला? बक्षीस नाही, ते जाऊ दे, बक्षीस काय सगळ्यांनाच मिळतं का? पण पहिल्या पानावर लाल शाईनं, 'कल्पनाशक्ती बरी. परंतु इतिहासाशी प्रतारणा. स्वतःच्या आजोबांना भ्याड दाखवणे शोभत नाही. लेखिकेने थोर नावाड्याची लेखी माफी मागून त्यांची सही आणावी. तोवर वाचनालयाचे कार्ड जमा.'

कार्ड जमा! अहो, ही पोर शाळेतून सुटली की तडक वाचनालयात जाते. तिसऱ्या खिडकीखालची खुर्ची तिची आहे, तिथला रंगसुद्धा तिच्या पाठीनं गेलाय. ते कार्ड काढून घेतलं! आणि ती माझ्यापुढं उभी, हातात माफीपत्र, डोळे कोरडे. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणते कशी, "आबा, मला एकच सांगा. तुम्ही मला खोटं सांगितलंत का?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गुडघे विसरलो. छत्री घेतली, पाऊस नव्हता तरी घेतली, हातात काहीतरी असावं म्हणून. आणि गेलो.

वाचनालयात आमच्या ग्रंथपाल बाई. बाई वाईट नाहीत, पण सगळ्यावर शिक्का मारतात, एकदा मी टेबलावर हात ठेवला तर हातावर मारला होता. मी म्हटलं, "बाई, पोरीनं खरं लिहिलंय. मी होडी..." आणि तेवढ्यात दम लागला. छत्री, जिना, राग, लागणारच ना! थांबलो. थांबलो की घोटाळा होतो!

"अगं बाई, आजोबा! स्वतः आलात! नातीसाठी स्वतःवर आळ घ्यायला आलात!"

"आळ नाही हो. होडीत सहाच माणसं बसायची. सात सक..."

"आजोबा, इतिहासात गणित आणू नये. आम्हाला लेखी आधार लागतो. हा बघा." आणि कपाटातून पुस्तक काढलं. पुलाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा छापलेलं. पान एकोणतीस, सात फेऱ्या. लिहिणारा कोण? तो ट्रंकवाला मास्तर! आता निवृत्त मुख्याध्यापक, स्पर्धेचा मुख्य परीक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. लाल शाई त्याचीच!

मी म्हटलं, "बाई, पुस्तकात जो मी आहे, तो मीच आहे ना? मग मी सांगतो ते..."

"तुम्ही तोंडी आहात, आजोबा. पुस्तक लेखी आहे."

ऐका! मी तोंडी आहे! पंच्याहत्तर वर्षं हाडामांसाचा वावरलो आणि शेवटी तोंडी निघालो!

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा का नाही बोललात? पुस्तक निघालं, पाटी लागली, तेव्हा तोंड शिवलं होतं का? बोला, बोला, मिरीची आईही हेच बोलली. माझं चुकलंच. गुरुजी तेव्हा वही घेऊन माझ्या घरी आला होता. मी बघताक्षणी ओळखलं. त्यानंही ओळखलं. दोघांनीही ओळख दाखवली नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी पाणी..." आणि थांबलो, कारण आता तू मला काय काय बोललास ते तुझ्याच तोंडावर कसं सांगू, घरी आलेला माणूस तू, बिस्किट हातात धरलेलं! म्हटलं, तोच काढील विषय. तो म्हणाला, "बस, बस, कळलं सगळं," वही मिटली आणि बिस्किट तसंच ठेवून गेला. मग एकदम पाटीच. पाटीच्या कार्यक्रमाला मला फुलांचा गुच्छ दिला, मी बोलायला तोंड उघडलं, शब्द जुळवत होतो, तोवर टाळ्या! थांबलो की घोटाळा होतो, म्हणतो ते उगीच नाही.

पण या खेपेला म्हटलं, नाही. बाईंनी बक्षीस समारंभाला बोलावलं, 'बक्षीस तुमच्याच हस्ते.' माइक असणार. म्हातारीनं बजावलं, "एका दमात सांगा. श्वाससुद्धा खाली आल्यावर घ्या."

गेलो. सभागृह भरलेलं. मिरी सगळ्यात मागं, आईशेजारी, हाताची घडी. आणि आधी पहिल्या क्रमांकाचा लेख वाचला गेला. एक गोरटेला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, आवाज म्हणजे भोंगा! "आकाश फाटलं होतं! नदी खवळली होती! पण नावाड्याची छाती पहाडासारखी होती!" माझ्या शेजारच्या पाहुण्यांनी हळूच माझ्या छातीकडे पाहिलं. मी कोट ओढून घेतला. "नावाडी गरजला, मला अडवू नका! माझी माणसं बोलावताहेत!" अहो, मी कधी कुणावर गरजलोय? आमचं मांजर ऐकत नाही माझं! आणि सातव्या फेरीनंतर म्हणे मी म्हाताऱ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून बेशुद्ध पडलो. माझी आई मी चार वर्षांचा असतानाच गेली. निदान तिला तरी सोडायचं! पण ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या, आणि खरं सांगू, चीड येते सांगायला, चौथ्या फेरीला मीसुद्धा खुर्चीच्या कडेला सरकलो. पोरगं वाचतं छान. त्याचा काय दोष? त्यानं पान एकोणतीस वाचलं होतं.

मग माइक. मी उठलो. पोटभर श्वास घेतला आणि म्हटलं, "मी होडी सोडली नव्हती. एकही फेरी मारली नाही. कुणाला वाचवलं नाही."

शांतता. म्हटलं, जमलं! झालं! आणि मी... आता काय सांगू... सवय हो! एक वाक्य झालं की थांबतो!

तेवढ्यात सूत्रसंचालक उडी मारून पुढं. "ऐकलंत? ऐकलंत मित्रांनो? 'मी काहीच केलं नाही!' याला म्हणतात विनम्रता! आजकाल लोक दहा रुपयांचा पंखा दान करतात आणि पात्यांवर नाव घालतात!" टाळ्या! कडाडून! मी म्हटलं, "विनम्रता नाही हो, खरंच नाही केलं." अजून टाळ्या! मी हात हलवून नको नको म्हणालो, लोक उभे राहिले! जेवढं नाकारावं तेवढा मी मोठा होत चाललो! शेवटी मी घाबरून खाली बसलो, की अजून बोललो तर पुतळा बसवतील.

आणि मागं बघितलं तर मिरी टाळ्या वाजवत नव्हती. सगळ्या सभागृहात ती एकटीच. ती वाट बघत होती. माझ्या पुढच्या वाक्याची.

ते बघितलं आणि मी उठलो तो थेट वाचनखोलीत. तिसऱ्या खिडकीखालची खुर्ची. बसलो. खिशातून मिरीचं ते सही न केलेलं माफीपत्र काढलं. बोलता येत नाही तर नाही, लेखी आधार लागतो ना तुम्हाला? घ्या! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, पण लिहिलं. 'मुलीने खरे लिहिले आहे. होडी मी सोडली नाही. माफी मीच मागतो, कारण इतकी वर्षे गप्प बसलो.' आणि सही. घाम फुटला.

मान वर केली तर समोर गुरुजी. काठी टेकत आत आलेला. त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. मग माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला, ती मुलांची बुटकी खुर्ची असते ना, त्यात. गुडघे हनुवटीला.

मी म्हटलं, "सात का लिहिल्यास?" अरेतुरेच केलं. काठावरच्या पोराला अहोजाहो काय करायचं?

खाली बघून म्हणतो, "दादा, मी त्या दिवशी तुम्हाला सात शिव्या दिल्या होत्या. पुढं ज्या ज्या वेळी पूल ओलांडला त्या त्या वेळी मोजल्या. त्या परत घेता येईनात. म्हटलं, एकेका शिवीची एकेक फेरी तरी देऊ."

इतक्या वर्षांचा राग, छत्री घट्ट धरलेली, आणि समोर हा बुटक्या खुर्चीत. मी म्हटलं, "सात? मला सहाच ऐकू आल्या."

"पाण्याचा आवाज होता."

"सातवी कुठली?"

त्यानं सांगितली. कानाशी लागून सांगितली. बाप रे! त्या शिवीला एक फेरी म्हणजे स्वस्तात सुटला!

मग म्हणाला, "सोडली असतीत होडी, तर पहिल्या सहांत मी असतो. ट्रंकेसकट."

इतक्या वर्षांनी! एकानं तरी म्हटलं! माझा राग असा खाली बसायला लागला, पण मी त्याला बसू दिला नाही. म्हटलं, "हे मला कशाला सांगतोस? मी तिथंच होतो. हे त्या पोरीला सांग. बाईंना सांग. तुझी लाल शाई आहे."

"सांगतो," म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीत तर घालतोच."

"पहिलीच्या चारशे प्रती कपाटात पडल्यात! दुसरी कधी निघणार? आत्ता सांग!"

आणि बाई आल्याच. मागून मिरी. बाईंनी कागद उचलला, वाचला, आणि डोळ्यांत टचकन पाणी. गुरुजी उठला. म्हणजे त्या खुर्चीतून निघायलाच वेळ लागला. काठी टेकली, घसा साफ केला. "बाई, एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी..." आणि थांबला.

अरे, थांबू नको! मी मनात ओरडतोय, थांबू नको, थांबलं की घोटाळा होतो! पण त्यानं खिशातला रुमाल काढला. ओठ हलतायत, शब्द नाही.

"बघा!" बाई म्हणाल्या. "सरांनासुद्धा शब्द फुटेना! केवढं हे मन, नातीची चूक स्वतःच्या अंगावर घेतली!" आणि ठप्प! माफीपत्रावर शिक्का. ठप्प! कार्डावर शिक्का. "घे बाळ तुझं कार्ड. आणि हा कागद आपण चौकटीत लावू या, दाराशी." माझं खरं, माझ्या हातानं लिहिलेलं, चौकटीत लागलं, आणि खाली त्यांनी चिठ्ठी डकवली, 'थोर मनाचा नमुना.'

गुरुजीनं एवढंच केलं, मिरीच्या वहीवरची ती लाल ओळ होती ना, ती त्यानं खोडली. दुसऱ्या लाल ओळीनं. म्हणजे आता ते पान अजूनच नापास दिसतंय.

घरी येताना पुलावरून आलो. पाटीपाशी मिरी थांबली. मीही थांबलो, तिच्यासोबत थांबायची भीती नाही. ती म्हणाली, "आबा, पुढच्या वर्षीचा विषय लावलाय. 'क्षमाशील नावाडी.'"

मी कपाळावर हात मारला. "घेणारेस भाग?"

"घेणार तर! परत तेच लिहिणार."

"परत कार्ड जमा होईल."

"मग परत माफी मागीन. तुम्ही परत सही करा."

मी म्हटलं, "त्यापेक्षा एकदा सोड ना ती होडी. पहिला नंबर येईल."

तर काय म्हणते? वळून पाण्याकडे बघत म्हणते, "रेघ बुडलीय, आबा."

आता बोला! पाटीवर मी शूर, पुस्तकात मी शूर, चौकटीत मी थोर, आणि माझी खरी गोष्ट एका वहीत, नऊ पानं, पहिल्या पानावर दोन लाल रेघा. वाचायची असेल तर घरी या, मिरी दाखवील. पण आधी मला नीट ऐकून घेतलंत ना? मी होडी सोडली नाही. एकही फेरी नाही. शून्य! झालं, सांगून झालं एकदाचं सगळं, एका दमात, आता जरा श्वास घेतो...

अहो... अहो, टाळ्या नका वाजवू!

गेली. आठवी फेरी.